भिंतीवरची स्क्रीन आणि तिच्यापुढे थांबणारी माणसं

मोठ्या ऑफिसात शिरलं की दारातच एक स्क्रीन लावलेली असते. कंपनीचं बोधचिन्ह, वरिष्ठांचा हसरा फोटो, गेल्या तिमाहीचे आकडे आणि कधीच होऊन गेलेल्या एखाद्या कार्यक्रमाचं आमंत्रण तिच्यावर आळीपाळीने फिरत असतं. तिच्याकडे कोणी बघत नाही. बघितलंच तर पाहुणा बघतो, तेही त्याला आत न्यायला अजून कोणी आलेलं नसतं म्हणून.

आता याच मापाची स्क्रीन कॉफी मशीनशेजारी लावली आहे असं समजा. वरच्या मजल्यावरच्या कोणीतरी तिच्यावर एका सर्किटचा फोटो टाकलाय आणि खाली लिहिलंय, "तीन दिवस झाले, चालतच नाही. कारण कळेना." कप भरेपर्यंत दोघं जण ते वाचतात. दोघांचे विभाग वेगळे, एकमेकांची नावंही ठाऊक नाहीत. एक पुटपुटतो, "तो कपॅसिटर उलटा बसलाय बहुतेक." दुसरा म्हणतो, "तुम्हाला कसं दिसलं?" झालं, बोलणं सुरू.

यंत्र तेच, किंमत तीच. मग एकीकडे शुकशुकाट आणि दुसरीकडे गप्पा, असं का? गेली चाळीसेक वर्षं संगणकशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ या प्रश्नाच्या मागे आहेत. त्यांनी केलेले प्रयोग, विशेषतः त्यातले फसलेले, फार शिकवून जातात. माझं मत आधीच सांगून टाकतो. स्क्रीन कोणाला बोलतं करत नाही. ती फार तर निमित्त पुरवते, आणि निमित्त पुरवणंही वाटतं तितकं सोपं नाही.

न ठरवता झालेलं बोलणं

ऑफिसातल्या बोलण्याचे चार प्रकार करता येतात. रॉबर्ट क्राउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या सुमारास अमेरिकेतल्या बेलकोर या संशोधन संस्थेत ही वर्गवारी मांडली. पहिला प्रकार ठरवून झालेल्या बोलण्याचा, म्हणजे मीटिंग. दुसऱ्यात तुम्ही एखाद्याला शोधत त्याच्या जागेवर जाता. तिसऱ्यात काहीतरी विचारायचं डोक्यात असतंच, तेवढ्यात तो माणूस जिन्यात भेटतो आणि तुम्ही विचारून घेता. चौथ्यात दोघांच्याही मनात काही नसतं, नुसती समोरासमोर गाठ पडते आणि विषय निघतो. त्यांनी प्रत्यक्ष संभाषणांची नोंद ठेवली, तेव्हा बहुतांश बोलणी न ठरवता झालेली निघाली.

ही बोलणी छोटी असतात, काही मिनिटांत संपतात. वरवर पाहणाऱ्याला तो वेळेचा अपव्यय वाटतो. पण विचार करा, मीटिंग बोलवायची तर दोन गोष्टी आधीच ठाऊक असाव्या लागतात: आपला प्रश्न नेमका काय आणि तो कोणाला विचारायचा. कामातली निम्मी अडचण अशी असते की यातलं एकही ठाऊक नसतं. शेजारच्या विभागाने तेच काम सहा महिन्यांपूर्वी करून ठेवलंय हे कळायला तुम्ही कोणती मीटिंग बोलवणार? असली माहिती उडत उडतच कानावर येते.

आणि ती उडत उडत फार लांब जात नाही. एमआयटीचे थॉमस ॲलन यांनी संशोधन प्रयोगशाळांमधल्या इंजिनिअरांचा अभ्यास करून १९७७ साली एक आलेख प्रसिद्ध केला. आज तो 'ॲलन वक्र' म्हणून ओळखला जातो. दोन माणसांच्या टेबलांमधलं अंतर वाढतं तशी त्यांनी आठवड्यातून एकदा तरी कामाचं बोलण्याची शक्यता घटते, आणि ही घट सावकाश होत नाही, झपकन होते. पहिल्या तीसेक मीटरांतच आलेख जवळजवळ तळाला टेकतो. त्यापुढे माणूस त्याच इमारतीत बसला काय आणि दुसऱ्या गावात बसला काय, फारसा फरक उरत नाही. मजला बदलला तर अंतर आणखीच वाढतं, कारण उगीचच जिना चढून जाणारा माणूस विरळा.

घरून काम सुरू झालं तेव्हा हे फार मोठ्या प्रमाणावर दिसलं. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या २०२०च्या पहिल्या सहामाहीतल्या संपर्कांचा अभ्यास पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. आपल्या गटात लोक बोलत राहिले, पण गटागटांना जोडणारे धागे कमी झाले, आणि कोण कोणाशी बोलतं ते एका जागी गोठल्यासारखं झालं.

यावर 'मग भिंती पाडा, सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवा' असा उपाय सुचवला जातो. तो करून पाहिला गेलाय. ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी दोन बड्या कंपन्यांच्या मुख्यालयांत, केबिन काढून मोकळी रचना करण्याच्या आधी आणि नंतर, कर्मचाऱ्यांच्या अंगावर सेन्सर लावून मोजमाप केलं. २०१८ साली आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी कमी झालं आणि ईमेल-मेसेज वाढले. सगळे सगळ्यांना दिसायला लागले तेव्हा लोकांनी कानात हेडफोन घातले. आपण बोललो तर दहा जणांना ऐकू जाणार, मग मेसेजच बरा.

म्हणजे नुसती जवळीक पुरत नाही. दोन माणसं लिफ्टपाशी शेजारी उभी असतात आणि दोघंही मजल्याचे आकडे बघत राहतात, हा अनुभव कोणाला नाही? तिथे तिसरं काहीतरी लागतं. शहरांतल्या चौकांचा बारकाईने अभ्यास करणारे विल्यम व्हाइट याला त्रिकोण जुळणं म्हणत: दोन अनोळखी माणसं आणि तिसरी एखादी बघण्याजोगी गोष्ट. रस्त्यावर कोणी वाद्य वाजवत असेल, एखादं चमत्कारिक शिल्प असेल, तर शेजारी उभा राहिलेला माणूस आपणहून बोलतो. कारण बोलण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते, त्या गोष्टीवर असते. ऑफिसातली स्क्रीन चांगली लावली तर या त्रिकोणाचा तिसरा कोन होते.

पहिला प्रयत्न: भिंतीत खिडकी

सुरुवातीच्या संशोधकांना वाटलं, अंतर हाच शत्रू असेल तर अंतरच पुसून टाकू. दोन ठिकाणच्या भिंतींवर मोठे पडदे लावायचे, कॅमेरे कायम चालू ठेवायचे, म्हणजे पलीकडची खोली शेजारचीच वाटेल.

या कल्पनेचा सगळ्यात मोहक नमुना ऑफिसातला नव्हता. नोव्हेंबर १९८०मध्ये किट गॅलोवे आणि शेरी रॅबिनोविट्झ या कलाकारांनी न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमधल्या दोन रस्त्यांवर पडदे लावून ते उपग्रहाने जोडले. पाटी नाही, जाहिरात नाही. चालणाऱ्याला समोर पूर्ण उंचीची माणसं दिसायची, ऐकू यायची, आणि ती हजारो किलोमीटर दूर आहेत हे हळूहळू उमगायचं. तीन संध्याकाळी हा खेळ चालला. पहिल्या दिवशी लोक चक्रावले, तिसऱ्या दिवशी कित्येक जण वर्षानुवर्षं न भेटलेल्या नातेवाइकांना वेळ ठरवून पलीकडे उभं करून बोलत होते.

ऑफिसात झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्राने १९८५च्या सुमारास असंच केलं. तिथल्या एका प्रयोगशाळेचे लोक दोन राज्यांत, पालो आल्टो आणि पोर्टलंडमध्ये, विभागलेले होते. दोन्हीकडच्या सामायिक बैठकीच्या जागा चित्र आणि आवाजाने जोडून ठेवल्या. कॉल लावायचा नाही, उचलायचा नाही. आलात की पलीकडचे दिसले.

बेलकोरचा प्रयोग जास्त काटेकोर होता. एकाच इमारतीच्या दोन मजल्यांवरच्या विश्रांतीच्या खोल्यांमध्ये सुमारे आठ फूट रुंद आणि तीन फूट उंच पडदा लावला. माणसं जवळजवळ खऱ्या आकाराची दिसत. तीन महिने निरीक्षण केलं. लोकांनी तो वापरला, गप्पाही मारल्या. पण दोन माणसं एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात आल्यावर त्यांचं बोलणं सुरू होतं का, हे मोजलं तेव्हा पडद्यापलीकडच्या माणसाशी बोलण्याचं प्रमाण एकाच खोलीतल्या माणसांच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी भरलं.

का? इथे थोडं थांबू या, कारण आजही कंपन्या दोन शहरांतली ऑफिसं अशा कायम चालू पडद्यांनी जोडतात आणि त्याच खड्ड्यात पडतात.

कॅमेरा एका जागी असतो, डोळे दुसऱ्या जागी. पलीकडच्याच्या डोळ्यांत बघायला गेलं की त्याला तुमची नजर खाली किंवा बाजूला गेलेली दिसते. बोलणं सुरू होण्याआधी माणसं डोळ्यांनी परवानगी घेतात. ती परवानगीच मिळत नाही. दुसरं म्हणजे, खोलीत दोन माणसं जवळ जवळ येतात आणि बोलायला लागतात. पडद्याच्या बाबतीत तुम्ही जवळ गेलात की कॅमेऱ्याच्या चौकटीतून बाहेर पडता. म्हणजे आपुलकी दाखवायला पुढे सरकावं, तर समोरच्याला तुम्ही दिसेनासेच होता. तिसरी गोष्ट आवाजाची. खोलीत आपण सहज आवाज खाली आणून कानात बोलतो. पडदा जे बोलाल ते पलीकडच्या सगळ्या खोलीला ऐकवतो. आणि सहज गप्पांचा निम्मा रस 'हे फक्त तुला सांगतोय' यात असतो.

बेलकोरनेच टेबलावरच्या संगणकांसाठीही एक व्हिडिओ यंत्रणा केली होती. तिच्यात एक सोय अशी होती की यंत्र आपणहून कोणत्याही दोघांना अचानक जोडून द्यायचं, जणू ते बोळात समोरासमोर आले. लोक बहुतेक वेळा ते कॉल लगेच बंद करून टाकत. बोळात कोणी भेटलं तर मान डोलवून पुढे जायची मुभा असते. इथे यंत्राने तुम्हाला धरून दुसऱ्यासमोर उभं केलं. 'सहज भेट' घडवून आणणाऱ्या अॅपवाल्यांनी हा प्रसंग चौकट करून भिंतीवर लावावा.

दुसरा प्रयत्न: जिवंत नोटीसबोर्ड

नंतरच्या संशोधकांनी अपेक्षा जरा खाली आणली. माणूस दाखवण्याऐवजी माणसाने मागे ठेवलेलं काहीतरी दाखवू. म्हणजे थेट खिडकी सोडून नोटीसबोर्डाकडे.

कॅल्गरी विद्यापीठात सॉल ग्रीनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००१मध्ये केलेल्या स्क्रीनवर गटातले लोक चिठ्ठ्या, फोटो, वेबपानांची चित्रं, वेबकॅमच्या झलका टाकत; सगळं एकमेकांवर पसरलेलं, कोणाच्या तरी टेबलावर पसारा असावा तसं. भिंतीवर जे दिसे तेच प्रत्येकाला आपल्या संगणकावरही उघडता येई, त्यामुळे घरी बसलेलाही त्यात असायचा.

त्याच सुमारास एलिझाबेथ चर्चिल आणि त्यांच्या गटाने कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेत उभे प्लाझ्मा पडदे लावले. कागदी पोस्टर जसं उभं असतं तसेच. कोणीही ईमेलने काही पाठवलं की ते पडद्यावर यायचं, पाठवणाऱ्याच्या नावासह. बोटाने पुढे-मागे करता यायचं. नाव असणं ही छोटी गोष्ट वाटते, पण सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे. 'सुरक्षा सप्ताह साजरा करा' या वाक्यामागे माणूस नसतो, त्यामुळे त्यावर बोलायचं कोणाशी? 'हे मी टाकलंय' असं असलं की दुपारी त्या व्यक्तीला गाठून विचारता येतं.

माझ्या आवडीचा प्रयोग मात्र ॲक्सेंचर कंपनीच्या प्रयोगशाळेतला, जोसेफ मॅकार्थी आणि सहकाऱ्यांचा, तोही २००१चाच. कर्मचाऱ्यांच्या अंगावर इन्फ्रारेड बिल्ले होते, त्यामुळे स्क्रीनजवळ कोण उभं आहे हे तिला कळायचं. मूळ बेत असा: दोघं जवळ आले की दोघांच्या आवडीनिवडी पडताळून बघायच्या आणि दोघांनाही आवडणारं काहीतरी दाखवायचं. उत्तम कल्पना. पण दोघांच्या आवडी जुळायच्या तर प्रत्येकाने आपल्या आवडींची लांबलचक यादी भरून द्यायला हवी, आणि असले फॉर्म कोण भरतं? मग त्यांनी एक पायरी खाली उतरून, दोघांपैकी एकालाच आवडणारं काही दाखवायचं ठरवलं. आणि लक्षात आलं की तेवढ्यानेही काम भागतं. कारण दुसरा विचारू शकतो, "हे काय आहे?" समान आवड असली तर बोलणं रंगतं हे खरं, पण बोलणं सुरू व्हायला एकाचं कुतूहल आणि दुसऱ्याची माहिती एवढं पुरेसं असतं. मला हे फार मोठं वाटतं. आपण उगीचच समजतो की लोकांना जोडायला साम्य शोधावं लागतं.

तो अडखळणारा क्षण

आता सगळ्यात अवघड भाग. आशय चांगला आहे, नावं आहेत, तरी लोक थांबत का नाहीत?

पहिलं कारण सवयीचं. जर्मनीत योर्ग म्युलर आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये याला 'डिस्प्ले अंधत्व' असं नाव दिलं. स्क्रीनवर जाहिरात किंवा कंटाळवाणं काहीतरीच असणार, असं माणसाने आधीच ठरवलेलं असतं, म्हणून डोळे तिकडे वळतच नाहीत. वेबसाइटवरच्या जाहिरातींच्या पट्ट्या आपल्याला दिसत नाहीत तसंच. यात एक वाईट गोष्ट दडलेली आहे. तुमच्या स्क्रीनला मागच्या सगळ्या कंटाळवाण्या स्क्रीनचं पाप फेडावं लागतं. एकाच इमारतीत पाच स्क्रीनवर आकडेवारी फिरत असेल, तर सहावीवर कितीही मजेशीर काही टाका, ती त्या पाचांच्या रांगेतच बसते. म्हणून तिचं रूप वेगळं हवं: उभी, डोळ्यांच्या उंचीवर, भोवती कागद चिकटवलेले. छताजवळ टांगलेल्या स्क्रीनकडे लोक कमी बघतात, डोळ्यांसमोरच्या स्क्रीनकडे जास्त, हेही पाहणीत दिसलं आहे. शिवाय शेजारी दुसरं काही बघण्यासारखं असेल, तर नजर आधी तिकडे जाते आणि मग घसरून स्क्रीनवर येते.

इथे एक साधं गणित करू. माणूस सेकंदाला साधारण सव्वा मीटर चालतो. सहा मीटरांवरून स्क्रीन दिसायला लागली, तर ती मागे पडेपर्यंत पाच सेकंद मिळतात, तेही तो सगळा वेळ तिच्याकडेच बघत असेल तर. पाच सेकंदांत दहा-पंधरा शब्द वाचून होतात. आणि आपण तिच्यावर वीस सेकंदांनी बदलणारी, सहा मुद्द्यांची स्लाइड लावतो! बोळात स्क्रीन लावायची तर एक चित्र आणि एक ओळ. जास्त मजकूर असेल तर अशा ठिकाणी लावा जिथे माणूस नाइलाजाने उभा असतो: कॉफी मशीन, प्रिंटर, लिफ्ट. माझा कल नाइलाजाच्या जागांकडेच आहे. ज्याला थांबावंच लागतंय त्याला थांबवायची मेहनत वाचते.

दुसरं कारण लाजेचं, आणि ते जास्त खोल आहे. सगळ्यांसमोर स्क्रीनला हात लावायचा म्हणजे छोटंसं रंगमंचावर जाणं. चुकलं तर? मूर्ख दिसलो तर? हॅरी ब्रिग्नल आणि इव्हॉन रॉजर्स यांनी २००३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका समारंभात मोठी स्क्रीन ठेवली होती, जिच्यावर कोणीही शेजारच्या लॅपटॉपवरून आपलं मत टंकून टाकू शकत होतं. त्यांना माणसांच्या तीन अवस्था दिसल्या. काही जण खोलीत दुसरंच काही करत होते आणि स्क्रीन आहे एवढंच त्यांना जाणवत होतं. काही जवळ येऊन बघत होते, बोटं दाखवत होते, त्यावर बोलत होते. आणि मोजके जण प्रत्यक्ष टंकत होते. एका अवस्थेतून पुढच्या अवस्थेत जाताना माणूस उंबऱ्यावर अडखळतो. हा उंबरा ओलांडायला मदत करते ती गर्दीच. दोन माणसं थांबली की तिसरा बघायला येतो, मग चौथा. त्यांनी याला मधाच्या भांड्याची उपमा दिली.

दुसऱ्याला करताना पाहिलं की दोन प्रश्न आपोआप सुटतात: हे कसं वापरायचं आणि वापरलं तर चालतं का. म्हणून 'स्पर्श करा' असं लिहिलेली पाटी फारशी चालत नाही, पण स्पर्श करणारा एक माणूस चालतो. आणि म्हणूनच स्क्रीनसमोर तीन-चार माणसांना उभं राहता येईल एवढी मोकळी जागा लागते. अरुंद बोळात लावाल तर थांबणारा वाटेत येतो, मागचे ढकलतात, आणि भांडं रिकामंच राहतं.

बर्लिनमधल्या दुकानांच्या खिडक्यांवरच्या एका प्रयोगातली गंमतही सांगण्याजोगी आहे. समोरून जाणाऱ्याची आकृती स्क्रीनवर आरशासारखी हलताना दिसायची. ती आपणच आहोत हे लक्षात येईपर्यंत लोक पुढे निघून गेलेले असायचे, मग मागे फिरून यायचे. म्हणजे स्क्रीन ओलांडल्यावर पुढेही जागा हवी आणि मागे फिरायला वावही हवा.

वाचणारे खूप, टाकणारे कोण?

सगळं जुळून आलं तरी महिन्याभरात स्क्रीन ओस पडते. याचं निदान जोनाथन ग्रूडिन यांनी १९८८मध्येच, गटाने वापरायच्या सॉफ्टवेअरबद्दल लिहिताना, करून ठेवलंय: कष्ट एकाने करायचे आणि फायदा दुसऱ्याला, अशी रचना टिकत नाही. फोटो टाकणारा दहा मिनिटं घालवतो, हसणारे हसून निघून जातात. त्याच्या पदरी काय?

उपाय दोनच, आणि दोन्ही साधे. टाकण्याचे कष्ट शून्याजवळ आणायचे: फोनवरून फोटो पाठवला की आला स्क्रीनवर. नवं अॅप, नवा पासवर्ड लागला की मंडळी संपली. आणि टाकणाऱ्याला परतफेड मिळायला हवी. ती पैशाची किंवा 'महिन्याचा उत्तम योगदानकर्ता' छापाची नको. कोणीतरी येऊन "ते तू टाकलंस ना?" असं विचारतं ना, तीच. म्हणून नाव, चेहरा आणि बसायची जागा दाखवणं महत्त्वाचं.

प्रत्येक फोटो आधी एचआरकडून मंजूर करून घ्यायचा असेल तर स्क्रीन लावूच नये. कोणी काही वावगं टाकेल ही भीती खरी आहे, पण नावानिशी, सहकाऱ्यांसमोर, स्वतःच्या ऑफिसात वावगं टाकायला माणूस बिचकतो. नंतर काढून टाकायची सोय पुरते. आधी अडवण्याची सोय मात्र सगळा उत्साह खाऊन टाकते. आणि व्यवस्थापनाने मधूनमधून आपली एखादी स्लाइड घुसवली की ती स्क्रीन पुन्हा त्या पाचांच्या रांगेत गेलीच म्हणून समजा.

दिसण्याची किंमत

कोण जागेवर आहे, कोण मोकळं दिसतंय, हे कळलं की बोलायला जाणं सोपं होतं. याला संशोधक 'अवेअरनेस' म्हणतात, म्हणजे इतर काय करताहेत याचं भान, ज्याच्या आधाराने आपण आपलं काम ठरवतो. १९९२ साली झेरॉक्सच्या दोन केंद्रांनी, एक कॅलिफोर्नियात आणि एक इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये, कर्मचाऱ्यांच्या खोल्यांची धूसर कृष्णधवल छायाचित्रं दर काही मिनिटांनी एकमेकांना दाखवायला सुरुवात केली होती. लोकांना ते आवडलं. पण तेव्हा बघणारा आणि दिसणारा एकाच पातळीवरचे होते, आणि मी तुला बघतो तसा तूही मला बघतोस, असा हिशोब होता.

आज तीच माहिती साहेबाच्या संगणकावर तक्ता होऊन जाते. बिल्ल्यांमुळे आणि कॅमेऱ्यांमुळे 'कॉफी मशीनपाशी कोण किती वेळ उभं होतं' हे सहज कळतं, आणि एकदा का लोकांना तसा संशय आला की कॉफी मशीनपाशी कोणी थांबणार नाही, मग स्क्रीनवर काहीही दाखवा. चित्र धूसर करून भागत नाही; फार धूसर केलं तर उपयोग नाही, थोडं केलं तर नको ते ओळखू येतं. माझ्या मते नियम सोपा ठेवावा: स्क्रीनला जे कळतं ते स्क्रीनवरच दिसावं, कुठे साठवलं जाऊ नये, आणि ज्याला त्यात नसायचंय त्याला कारण न देता बाहेर राहता यावं. कॅमेरा नसलेली स्क्रीन चालत असेल तर कॅमेरा लावूच नये. बहुतेक वेळा चालते.

खरं तर स्क्रीनही लागतेच असं नाही. त्याच पालो आल्टो केंद्रात कलाकार नॅटली जेरेमिजेन्को यांनी बोळाच्या कोपऱ्यात, छताला लावलेल्या छोट्या मोटारीवर आठ फूट लांबीची प्लास्टिकची दोरी टांगली होती. मोटार इमारतीच्या नेटवर्कच्या तारेला जोडलेली. तारेतून माहिती धावली की दोरीला हिसका बसायचा. नेटवर्क शांत असेल तर अधूनमधून थरथर, गर्दी असेल तर गरगर. तिथलेच मार्क वायझर आणि जॉन सीली ब्राउन यांनी १९९५मध्ये 'शांत तंत्रज्ञाना'बद्दल, म्हणजे लक्ष न ओढता माहिती देणाऱ्या तंत्रज्ञानाबद्दल, लिहिताना तिचं उदाहरण दिलं. एकही अक्षर न दाखवता ती सगळ्या मजल्याला एकच गोष्ट सांगत होती, आणि फाइल उतरायला उशीर झाला तर कोणाला बोल लावायचा हे सगळ्यांना मान वळवून कळत होतं.

केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतलं कॉफीचं भांडं तर प्रसिद्धच आहे. १९९१मध्ये लोकांनी त्याच्यावर कॅमेरा लावला, कारण जिने चढून जावं तर भांडं रिकामं. पुढे ते चित्र इंटरनेटवर आलं आणि २००१पर्यंत जगभरचे लोक ते बघत होते. एक शंका मात्र मला नेहमी येते. भांडं रिकामं आहे हे जागेवरून कळल्यामुळे ज्या फेऱ्या वाचल्या, त्या फेऱ्यांत भांड्यापाशी किती गाठीभेटी झाल्या असत्या?

ही शंका स्क्रीन लावणाऱ्या प्रत्येकाने मनात ठेवावी. जी स्क्रीन सगळी माहिती पुरवते, ती विचारायची गरजच संपवते. म्हणून थोडं अर्धवट ठेवलेलं बरं: उत्तर न दिलेला प्रश्न, ओळख न लिहिलेला जुना फोटो, कोणीतरी पुरी करावी अशी आकृती.

राहिला यश मोजण्याचा प्रश्न. स्क्रीन विकणारे 'किती जणांनी बघितलं' याचा आकडा देतात. तो तुमच्या कामाचा नाही, कारण तुम्हाला बघणं मोजायचं नव्हतं, बोलणं मोजायचं होतं, आणि ते यंत्राला कळत नाही. स्वस्तातली एक चाचणी आहे. महिना-दोन महिने झाले की एके सोमवारी कोणाला न सांगता स्क्रीन बंद करा आणि आठवडाभर तशीच ठेवा. "अरे, ती बंद का आहे? माझं काहीतरी टाकायचं होतं," असं म्हणत दोन-तीन जण आले तर चालू करा आणि पुन्हा तिच्या वाटेला जाऊ नका. फक्त देखभालीच्या कंत्राटदाराचाच फोन आला, तर ती उतरवून तिथे पांढरा फळा लावा. मार्कर मात्र चालणारा ठेवा.